परस्पर टाकलेलं पत्र

सकाळी नऊला बचावाच्या व्हिटफिल्ड वकिलाचा फोन आला आणि नदीनचा नाश्ता राहिलाच.

"तुझ्या ऑर्फाबाईंनी पत्र परस्पर जजला टाकलंय."

"अहो, मला द्यायचं होतं ते!"

"आता काय! जजनं दोन्ही बाजूंना प्रती धाडल्यात. सरकारी वकिलाचं आयतंच फावलं."

त्यानं पत्र वाचून दाखवलं. 'माझ्या डेल्मरनं एकही गोळी विकली नाही. गेल्या रविवारी तुरुंगातून फोनवर त्यानं मला शपथेवर सांगितलं. लेक्सिंग्टन शहरातल्या टोळक्यानं त्या त्याच्या ट्रकात ठेवल्या.'

नदीन वकील नव्हे. शिक्षा ठरण्याआधी आरोपीचं आयुष्य उकरून जजपुढे मांडायचं, हे तिचं काम. डेल्मर टॅकेटसाठी ती आठ महिने केंटकीच्या डोंगरांत गाडी हाकत होती. खाणीत त्याचा खांदा कसा निखळला, दुखण्याच्या गोळ्यांची चटक कशी लागली, सगळं तिनं कागदोपत्री जमवलं होतं. गोळ्या विकल्याचं त्यानं मार्चमध्येच कोर्टात कबूल केलं होतं. कबुली मनापासूनची आहे असं जजला पटलं, तर शिक्षेच्या तक्त्यात तीन पायऱ्यांची सूट मिळते. डेल्मरच्या बाबतीत तीन पायऱ्या म्हणजे दोन वर्षं. त्याच्या आईनं, ऑर्फाबाईंनी, आपल्या सुवाच्य अक्षरात त्यांच्यावर पाणी फिरवलं होतं.

शिक्षेची सुनावणी आजच दुपारी दीडला. ऑर्फाबाईंना आणायचंच होतं. त्या चर्चला जायची टोपी घालून दारात उभ्याच होत्या.

"मिस ऑर्फा, पत्र माझ्याकडे द्यायचं ठरलं होतं आपलं," गाडी वळवता वळवता नदीन म्हणाली. तिकडे वडीलधाऱ्या बायकांना आदरानं 'मिस'च म्हणतात.

"तू खाडाखोड केली असतीस पोरी. तुझं ते 'जबाबदारी मान्य आहे' मी नाही लिहायची. न केल्या कामाची कसली जबाबदारी?"

"त्यानं स्वतः कबूल केलंय."

"तुमच्या वकिलानं करायला लावलं. सगळे मेले एका माळेचे मणी! तो एस्टिल औषधवाला बघ. वीस वर्षांची ओळख, आणि माझ्या पाठदुखीच्या गोळ्या बाटलीत कमी भरायचा. चर्चच्या जेवणात चारचौघांत चोर म्हटलं मी त्याला. तेव्हापासून तोंड दाखवलेलं नाही त्यानं."

आठ महिन्यांच्या कागदांत एस्टिल कुठेच नव्हता.

"कधीची गोष्ट ही?"

"तीन वर्षं झाली. डेल्मर खाण सोडून घरी आला, त्या हिवाळ्यातली."

नदीन नको तितक्या जोरात गाडी चालवत राहिली.

कोर्टाच्या तळघरातल्या कोठडीत डेल्मर जाळीपलीकडे बसला होता.

"रविवारी आईला काय सांगितलंस रे?"

त्यानं मान खाली घातली. "तिला खरं सांगवत नाही, नदीन. सगळ्या जगात तीच एक माझ्या बाजूची आहे."

"आणि आम्ही काय झक मारतोय? जजपुढे आज तुला बोलायला मिळेल. तेव्हा नीट, स्पष्ट कबूल कर."

"तिला बाहेर बसव. मग सगळं बोलतो."

"एस्टिलचंही?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तिला बाहेर ने," एवढंच तो पुन्हा म्हणाला.

नदीननं कॉरिडॉरमध्ये चार येरझाऱ्या घातल्या. मग ऑर्फाबाईंजवळ जाऊन, खाली कॉफी चांगली मिळते, असं काहीतरी ती पुटपुटली.

"माझ्या पोराचा निकाल, आणि मी कॉफी पीत बसू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" म्हणत त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. नदीनला त्यांचा राग आला, आणि कुठेतरी बरंही वाटलं.

जजबाईंनी पत्र वर धरलं. "मिस्टर टॅकेट, खरं कोण बोललं? मार्चमधले तुम्ही, की रविवारचे तुम्ही?"

डेल्मर उठला आणि जजकडे पाहण्याऐवजी मागे वळला. पहाऱ्यावरचा मार्शल पुढे सरसावला. जजबाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

"आई, मी विकल्या. ट्रकात कुणी ठेवल्या नव्हत्या." तो आईकडेच बघत होता. "पहिल्या विकल्या त्या तुझ्या बाटलीतल्या. एस्टिल पूर्ण भरून द्यायचा."

ऑर्फाबाईंनी मांडीवरची पर्स उघडली, आत पाहिलं आणि परत मिटली.

जजबाईंनी सूट कायम ठेवली. सव्वापाच वर्षं. तक्त्यात त्याहून कमी नव्हतंच. व्हिटफिल्डनं नदीनचा हात दाबला. तिला मात्र सुटल्यासारखं वाटेना. डेल्मरला नेताना त्यानं मागे पाहिलं, तेव्हा ऑर्फाबाईंनी हात वर केला, अर्धाच.

परतीच्या वाटेवर गाव मागे पडलं. मग ऑर्फाबाईंनी टोपी काढली.

"पोरी, कागद आहे का?"

"जजला आता लिहून उपयोग नाही, मिस ऑर्फा."

"जजला नाही. एस्टिलला."

नदीननं गाडी कडेला घेतली आणि मागच्या सीटवरचं पॅड दिलं. ऑर्फाबाईंनी 'प्रिय एस्टिल' लिहिलं आणि पेन थांबलं.

"हे टपालात नाही टाकायची मी. त्याच्या दुकानाशी सोड मला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझे ते शब्द काय होते गं? जबाबदारीचे?"