हजेरीत न घेतलेले नाव

वृंदाने ताट जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवले, कठड्यावर बोटांनी टकटक केली आणि ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरली. वरचे दार उघडले. मास्क लावलेले बाबा खाली आले आणि ताटावर वाकले.

"आज चिप्स?"

"शुक्रवार आहे ना. आणि वाटीत व्हिनेगर आहे. ते ओतू नका, तासाला लागणार आहे."

"हो, मिस."

"बाबा."

"वर्गात सगळ्या तसंच म्हणतात. मी काय वेगळा?"

ते ताट घेऊन वर गेले. दार लागल्यावर वृंदाने पायरी आणि कठडा पुसून घेतला. नाताळानंतर हे असेच चालले होते. बाबा कासलबार या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, आणि ज्या रुग्णांच्या घशात श्वासाची नळी घालायची ते सध्या त्यांच्याच हाताखालून जात होते. लसीसाठी त्यांचा नंबर पुढच्या आठवड्यात होता. तोवर मी वर, तू खाली, असे त्यांनी ठरवून टाकले होते. आई आजीच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली ती विमानांच्या घोळात तिथेच अडकली होती. एका घरात राहणारे बाप-लेक एकमेकांना ताटापुरते भेटत होते. बाकीचा वेळ वृंदा छताकडे कान लावून असे. वर खुर्ची सरकली, पाणी सोडले, पावले वाजली की तिचे काम सुरू राही. ते खोकले की तिचा हात जिथे असेल तिथे थांबे. पुन्हा खोकतात का याची ती वाट बघे, आणि नाही खोकले तरी हात लगेच हलत नसे.

ती मुलींच्या शाळेत ट्रान्झिशन इयरच्या वर्गाला लॅटिन शिकवायची. परीक्षेचा धाक नसलेले ते वर्ष. मुलींना नवनवीन गोष्टी चाखून बघू द्यायचे. त्यात थोडी लॅटिन, थोडे रोमन लोकांचे घर, जेवण, देवदेवता. शाळा बंद झाल्यापासून तास तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावरून, पडद्यावर होत होता. हाडांच्या लॅटिन नावांचा पाठ आला तेव्हा तिने प्राचार्यबाईंना विचारले, एक दिवस माझे वडील आले तर चालेल का? उत्तरात एकच शब्द आला, 'ग्रँड'; इथे 'ठीक आहे' म्हणायला सगळे तोच वापरतात. बाबा एका दिवसासाठी आले आणि सुट्टी असेल त्या प्रत्येक तासाला येऊन बसू लागले. मिरजेला विद्यार्थी असताना रात्रंदिवस घोकलेल्या शब्दांना अर्थ होता, याचे त्यांना नवल वाटत होते.

तास सुरू झाला. वृंदा एकेक नाव घेई, मुलगी 'आदसुम' म्हणे. मी हजर आहे. यादीतले शेवटचे नाव झाले की बाबा कुणी न विचारता म्हणत, "आदसुम." तो शब्द जिन्यावरून खाली येई आणि मग क्षणभर उशिराने लॅपटॉपमधूनही. मुली दर वेळी हसत.

"डॉक्टर, गृहपाठ झाला?" नीवने विचारले. वर्गातली सगळ्यांत आगाऊ मुलगी.

"नाइट ड्यूटी होती."

"मीपण तेच सांगणार होते."

बाबांनी व्हिनेगरची वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. मांडीचे हाड खुब्यात जिथे बसते त्या खळग्याला डॉक्टर ॲसिटॅब्युलम म्हणतात, ते म्हणाले, आणि रोमन लोक जेवणाच्या टेबलावरच्या या वाटीला. "इतकी वर्षं मी सगळ्या पेशंटांच्या कमरेत दोन-दोन वाट्या बघत आलो, पण चिप्स कुणी दिल्या नाहीत." मग त्यांनी एक चिप व्हिनेगरात बुडवली आणि सगळ्यांदेखत खाल्ली.

पुढच्या वेळी काय, असे कुणीतरी विचारले. वृंदाने पान उलटले. तिथे रोमन अंत्यविधीचा पाठ होता. चित्रात एक बाई बिछान्यावर वाकलेली होती.

"स्नानगृहं," वृंदा म्हणाली आणि तिने पुस्तक मिटले.

दुपारी बाबा ड्यूटीवर निघाले. खाली येऊन ते दाराशी बूट घालू लागले. वृंदा नेहमीच्या अंतरावर उभी होती.

"पुस्तकात स्नानगृहांचा धडा अंत्यविधीच्या नंतर आहे," बूट घालता घालता ते म्हणाले.

"हो. पण मुलींना तो आवडेल."

"घाबरलीस?"

"छे. आय ॲम ग्रँड."

"आणि हजेरीत माझं नाव का नाही घेत? त्या सगळ्यांची घेतेस."

"वडिलांना नावानं हाक मारू?"

"मग माझी गैरहजेरी लागत असेल."

"तुम्ही न विचारताच ओरडता की."

ते हसले. मास्कमुळे ते फक्त डोळ्यांत दिसले. त्यांनी कोट घातला, गाडीची किल्ली घेतली. वृंदाच्या तोंडात एक वाक्य तयार होते. ते कित्येक दिवस तयार होते. आदल्या दिवशी फोनवर तिने आईजवळ त्याचा पहिला शब्द काढला, तर आई घाईने म्हणाली होती, "नाही ते बोलू नकोस गं. वास्तू तथास्तु म्हणत असते." वृंदाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी तिने वर छताकडे पाहिले होते आणि विषय बदलला होता.

"डबा घेतला?" तिने विचारले.

"घेतला. येतो गं."

रविवारी खोकला आला आणि थांबला नाही. तिने जिन्याखालून विचारले, बाबांनी वरून सांगितले की घसा बसलाय, इतकेच. बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा किती आला ते त्यांनी सांगितले नाही. स्वतःच फोन करून त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. खाली उतरताना ते कठडा धरून प्रत्येक पायरीवर थांबत होते आणि वृंदाला हाताने 'लांब राहा' असे खुणावत होते. ती लांब राहिली. मंगळवारी तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिला फक्त वास येत नव्हता. व्हिनेगरची बाटली नाकाशी धरून तिने खात्री केली. तिला हॉस्पिटलच्या दारापर्यंतही जाता येणार नव्हते.

पुढे फोन होता. फोन वाजला की तिला भीती वाटे आणि वाजला नाही की जास्त वाटे. एका सकाळी मॉरीनचा फोन आला. ती बाबांबरोबर बरीच वर्षे काम केलेली नर्स. तिने आधी नीट सगळे सांगितले. मग म्हणाली, "मी फोन त्याच्या कानाशी धरते, लव्ह. तो बोलणार नाही, पण ऐकू जातं. तुला हवं ते बोल."

यंत्राचा आवाज जवळ आला. वृंदा ओट्याला टेकून उभी होती.

"बाबा," ती म्हणाली. "इकडे सगळं ठीक आहे. मी जेवलेय. आईशी बोलणं झालं. तुम्ही काळजी करू नका."

आणखी काहीतरी बोलायला हवे होते. तिने वर छताकडे पाहिले. मग म्हणाली, "बाहेर ऊन पडलंय." पडले नव्हते.

बाबांच्या अंत्ययात्रेची काळी गाडी शॅननच्या विद्युतदाहिनीकडे जाताना त्यांच्या रस्त्यावरून हळू गेली. लोक आपापल्या फाटकाशी, अंतर राखून उभे होते. हॉस्पिटलातली काही माणसे कामाच्या कपड्यांतच आली होती. वृंदाला अजून बाहेर पडायची परवानगी नव्हती. ती काचेमागे उभी राहिली. पुण्याहून आई फोनवर होती. वृंदाने फोन काचेला लावून धरला आणि हात भरून आला तरी खाली घेतला नाही.

त्यानंतर ती वर गेली नाही. खाली सोफा होता, खाली मोरी होती. तसे तर ती आधीही खालीच राहत होती. छताकडे कान लावायची सवय मात्र मोडली नाही. वर आता काहीच वाजत नसे, आणि तरी तिचा हात मधेच थांबे.

फेब्रुवारीत तिने तास पुन्हा सुरू केला. हजेरी घेतली नाही. पडद्यावर मुली दिसतच होत्या. तिने स्नानगृहांचा पाठ काढला आणि नीवने हात वर केला.

"मिस, आपला एक पाठ राहिलाय. त्याच्या आधीचा."

"तो सोडून देऊ."

"माझी आजी नोव्हेंबरात गेली," नीव म्हणाली. आज ती आगाऊपणे बोलत नव्हती. "एरवी दोन दिवस घरी ठेवतात. सगळे येतात, चहा, सँडविच, गोष्टी. आम्हाला शवपेटीसुद्धा उघडू दिली नाही. रोमन लोक काय करायचे?"

वृंदाने पान उलटले. बाई अजून बिछान्यावर वाकलेली होती.

"जवळचं माणूस शेजारी बसायचं," ती म्हणाली. "जाणाऱ्याचा शेवटचा श्वास आपल्या ओठांवर घ्यायचं. मग डोळे मिटायचं. आणि मग नावानं हाक मारायचं. मोठ्यानं. पुन्हा पुन्हा."

"का?"

"काही म्हणतात, खरंच गेलाय ना ते बघायला. कदाचित ऐकून परत येईल म्हणून."

"आणि जवळ जाता आलं नाही तर?"

वृंदाने पुस्तकात पाहिले. तिला माहीत होते की तिथे काही नाही.

"ते नाही दिलेलं."

नीवने मान हलवली. कुणाच्या तरी घरात कुत्रे भुंकले आणि माईक बंद झाला. तासाची वेळ संपत आली होती. वृंदाने यादी पुढे ओढली.

"हजेरी राहिली," ती म्हणाली.

मुलींनी माईक सुरू केले. एकेक नाव, एकेक 'आदसुम'. नीवचे नाव शेवटचे होते. नीव 'आदसुम' म्हणाली आणि मग नेहमीच्या जागी शांतता आली. कुणी हसले नाही. कुणी निरोपाचे बटणही दाबले नाही.

वृंदा उठली. जिन्यापाशी गेली आणि जिथे बोटांनी टकटक करायची तिथे तिने कठडा धरला. वरचे दार बंद होते.

"प्रल्हाद."

आवाज इतका लहान निघाला की तो लॅपटॉपपर्यंतही पोचला नसेल. हे नाव तिने फॉर्मवर लिहिले होते, लोकांना सांगितले होते. त्या नावाच्या माणसाला कधी म्हटले नव्हते.

"प्रल्हाद."

ती खालच्या पायरीवर चढली, ताटाच्या पायरीवर. मान वर केली आणि घर भरेल एवढ्या मोठ्याने तिसऱ्यांदा हाक मारली. ती थांबली, ऐकत राहिली. वर काही हलले नाही.

"मला भीती वाटतेय, बाबा," ती म्हणाली. "जाऊ नका."