तेलाचं निमित्त

बाई माणसानं घोरू नये. कुठं लिहिलेलं न्हाई, पण समद्यांना पाठ हाय. गडी घोरला तर म्हणतात, दमलंय बिचारं. बाई घोरली की आधी हसतात, मंग तिच्या अंगाकडं बघतात. माझं अंग भरलेलं हाय, त्यामुळं माझं हसं लवकर होतं.

मी वनिता. पालीला अंगणवाडी सेविका हाय, चोवीस वर्षं झाली. गेल्या साली बीडला आमची मीटिंग होती. दुपारचं जेवण झालेलं, वर पंखा फिरत होता, म्याडम पोषण आहारावर बोलत होत्या, अन् मी खुर्चीतच झोपले. झोपले ते झोपले, वर घोरले. कुण्या भवानीनं त्याचा व्हिडिओ काढला अन् आमच्याच ग्रुपवर टाकला. खाली बायांनी हसणारी तोंडं टाकली. त्यातल्या निम्म्या माझ्याकडून रजिस्टर भरायला शिकल्यात. मी तो व्हिडिओ चार डाव बघितला. तोंड उघडं, मान मागं, अन् मधीच आवाज बंद. मंग एकदम हिसका बसून पुन्हा सुरू. त्या बंद पडण्याकडं कुणाचं ध्यान गेलं न्हाई, आमच्या मालकांचं गेलं.

मालक, म्हंजे शहादेव, पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेत. ते मला बीडला डॉक्टरकडं घेऊन गेले. तिथं एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं अन् सकाळी डॉक्टर म्हणले, "झोपेत तासाला अडतीस वेळा तुमचा श्वास थांबतो. म्हणून बीपी उतरत नाही, म्हणून दिवसा झोप लागते." आठवड्यानं मशीन घरी आली. ती बसवून द्यायला गुफरानभाई आलते. त्यांनी नीट समजावून सांगितलं, "हवा देते ही, दुसरं काही नाही. पण काकू, रोज लावायची. सोडली की दिवसाची झोप पुन्हा सुरू. आधी त्रास होईल, मग सवय पडते."

त्रास म्हंजे काय विचारू नका. नाकावर रबराचं मास्क, डोक्यामागून पट्टे. अंबाडा असला की पट्टा बसत न्हाई, नाकात चमकी असली की रबर टोचतं. रोज झोपताना केस सोडायचे अन् चमकी काढून डबीत ठेवायची. चुकून तोंड उघडलं की हवा भसकन तोंडातून बाहेर. पोटात वारा भरायचा, सकाळी ढेकरावर ढेकर. मशीनला पाण्याची डबी हाय, तिच्यात मी बोअरचं पाणी भरलं तर आठ दिवसांत पांढरी खपली धरली. फोनवर गुफरानभाईंनी हात टेकले. नाकावर लाल वळ उठला तर अंगणवाडीतली पोरं विचारायची, "बाई, तुमाला कुणी मारलं?"

पण महिन्याभरात फरक पडला, खोटं कावून बोलू. दुपारी डोळे उघडे राहायला लागले. पोरांना गाणं शिकवताना पुढची ओळ आपोआप आठवायची.

एवढं असून मी कुणाला सांगितलं न्हाई. सकाळी उठलं की मशीन पुसून पत्र्याच्या पेटीत, वर लुगडी, वर कुलूप.

"लाज कशाची वाटती तुला?" मालक म्हणायचे. "श्वास घ्यायची?"

"तुमचं काय जातंय," मी म्हणायची.

आमची आम्रपाली धारूरला दिलेली. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला आली. तिला बी मी काही सांगितलं न्हाई. तिनं काळजीपोटी सासूच्या कानावर घातलं असतं, अन् सासू म्हणली असती, तुझ्या आईचंच धड न्हाई, तुझं कोण करणार, ये इकडं. पहिलं बाळंतपण माहेरचं. अन् मी तर गावातल्या बायांना कापडाची बाहुली घेऊन दाखवते, लेकरू कसं धरायचं, कसं पाजायचं, न्हाऊ कसं घालायचं. माझ्याच लेकीचं लेकरू माझ्या पायावर न्हाणार न्हाई, हे मला सोसलं नसतं.

बाळंतपण होईस्तोवर निभलं. आम्रपाली बाहेरच्या खोलीत झोपायची, मी आतल्या खोलीत दार लावून मशीन लावायची. मंग नात झाली. दवाखान्यातून घरी आलो अन् आतली खोली बाळंतिणीची झाली. दुसऱ्याच दिवशी धारूरहून आमच्या ईनबाई, म्हंजे आम्रपालीच्या सासूबाई सिंधुबाई, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या अन् राहिल्या. मनात काही न ठेवणारी बाई. गल्लीच्या टोकाला बोलली तर आमच्या चुलीपर्यंत ऐकू यावी. आम्रपाली, लेकरू, त्या अन् मी, चौघी एका खोलीत. मशीन पेटीतच राहिली.

घोरू नये म्हणून मी भिंतीला टेकून बसायची. डोळा लागला की दचकून उठायची. मालकांनी दोनदा मला मोरीपाशी गाठून हळूच विचारलं, "लावतीस का न्हाई?" मी म्हणलं, "ईनबाई गेल्या की लावते. चार दिसांचा प्रश्न हाय." चाराचे अकरा झाले.

अकराव्या दिवशी सकाळी ईनबाईंनी लेकराला तेल चोळलं. चांगलं चोळायच्या त्या, गाणं म्हणत. मी न्हाणीत पाटावर बसले, पाय लांब केले, लेकरू पालथं पायावर घेतलं. पाणी मीच कालवलेलं, कोपरानं बघितलेलं. ईनबाई धुरीचा विस्तव आणायला चुलीकडं गेल्या. पाण्याची वाफ येत होती, पाठीवर ऊन होतं. मी एक तांब्या ओतला, दुसरा ओतला. तिसरा मला आठवत न्हाई.

जाग आली ती ईनबाईंच्या आवाजानं. विस्तव खाली पडलेला, त्या माझ्या अंगावरून वाकून लेकरू उचलत होत्या. लेकरू माझ्या पायावरून घसरून न्हाणीच्या कोपऱ्यात गेलतं, तोंड साचलेल्या पाण्यात. त्यांनी त्याला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. मंग लेकरू खोकललं अन् रडलं. कपाळावर बोराएवढं टेंगूळ आलतं.

आम्रपाली भिंतीला धरत धरत आली. "काय झालं, आई?"

दोघी माझ्याकडं बघत होत्या. माझ्या तोंडातून निघालं, "तेल लई झालतं. निसटलं हातातून."

विचार करून बोलले न्हाई. पण बोलल्यावर मागं बी घेतलं न्हाई.

ईनबाईंनी आपल्या हातांकडं बघितलं. "माझंच चुकलं," त्या म्हणल्या. "मी जास्तच घातलं. नातीचं पहिलंवहिलं, हात आवरला न्हाई." अन् तिथंच बसून रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अशी मी. पाठीवर हात ठेवून म्हणलं, "असू द्या, ईनबाई, होतं कधी कधी."

लेकराला बीडला दाखवून आणलं. डॉक्टरनं तपासलं, काही भ्यायचं न्हाई म्हणले. येताना गाडीत आम्रपाली सासूवर चिडली, "आत्या, मी सांगत होते ना, एवढं तेल नको." त्या पदरानं हात पुसत राहिल्या. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्या दिवसापासून त्यांनी लेकराला हात लावला न्हाई. लांबून बघायच्या. लेकरू रडलं तर आम्रपालीला हाक मारायच्या. गाणं बंद, बोलणं बंद. एकदा मी मोरीत गेले तर त्या तळहात साबणानं घासत होत्या. मला बघून म्हणल्या, "तेल जात न्हाई." मालकांना मी खरं सांगितलं तर ते उठून बाहेर वट्यावर जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

चौथ्या दिवशी आम्रपाली म्हणली, "आत्या, आज तुमी घाला न्हाऊ." तर त्या म्हणल्या, "तुझी आईच घालू दे. ती अंगणवाडीतली बाई, तिला कळतं. माझा हात जड हाय."

मी पाटावर बसले. लेकरू पायावर घेतलं. त्याच्या कपाळावरचं टेंगूळ उतरून पिवळं पडलतं. पहिला तांब्या ओतला अन् मला कळलं, माझी मान खाली येतीया. पापण्यांना कुणीतरी खाली ओढतंय असं वाटलं. त्या आदल्या रात्री बी मी मशीन लावली नव्हती. एवढं होऊन लावली नव्हती.

"आम्रपाले, घे हिला," मी ओरडले. "आधी घे."

तिनं घेतलं. मी ओल्या पायांनी आत गेले, पेटी उघडली, लुगडी बाजूला फेकली अन् मशीन काढून बाहेरच्या खोलीत फरशीवर ठेवली. नळी, मास्क, पट्टे, समदं. ईनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी सांगितलं. मीटिंगमधलं घोरणं सांगितलं, अडतीस वेळा सांगितलं, भिंतीला टेकून बसणं सांगितलं. शेवटी म्हणलं, "तुमचं तेल न्हवतं, ईनबाई. मला झोप लागलती."

त्यांनी ताटातले तांदूळ चिवडले. मंग म्हणल्या, "झोप लागली म्हणाला असतात तर मी तुमाला जेवायला वाढून झोपवलं असतं. आमचे हे बी घोरायचे. त्यात काय हाय?" ताट खाली ठेवून म्हणल्या, "चार दिस मी माझ्या नातीला हात लावला न्हाई, ईनबाई." त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

आम्रपाली दारात उभी होती, लेकरू खांद्यावर.

"मशीन कवापासून हाय?"

"पाच महिने झाले."

"न लावता झोप येणार, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् तरी तू हिला पायावर घेतलंस."

मी मान डोलावली. लहानपणी चिडली की आदळआपट करणारी पोर, ती आत जाऊन लेकराचे कपडे घड्या घालायला लागली. दुसऱ्या दिवशी सासूबरोबर धारूरला गेली. सव्वा महिना बी पुरा झाला न्हाई. गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या, मधीच कावून गेली? मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, माझ्यामुळं गेली. कशामुळं ते बी सांगितलं. एकदोघी हसल्या, बाकीच्या हसल्या न्हाईत. न हसणाऱ्याच जास्त टोचल्या.

त्या रात्रीपासून मशीन रोज लावली. रडू आलं की नाक भरतं अन् हवा आत जात न्हाई, म्हणून रडायचं बी दिवसा. सकाळी मशीनवर किती तास लावली ते दिसतं. त्याचा फोटो काढून मी आम्रपालीला पाठवायची. सहा तास. सात तास. पावणेआठ. खाली काही लिहायची न्हाई, काय लिहिणार. तिनं बघितल्याची निळी खूण यायची, उत्तर न्हाई. असे वीस दिवस गेले.

मंग एका रात्री वारं सुटलं अन् गावाची लाइट गेली ती सकाळपर्यंत आली न्हाई. फोटो गेला न्हाई. नऊ वाजता फोन वाजला. सिंधुबाई होत्या.

"आज फोटू आला न्हाई. काय झालं?"

"लाइट नव्हती," मी म्हणलं.

"मंग तसं कळवायचं. आमी इथं वाट बघतो." अन् मंग, "रविवारी विहारात नाव ठेवायचं हाय. या."

आम्ही गेलो. मी धारूरच्या विहारात पांढरं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसले. वंदना झाली, नाव ठेवलं, पेढे वाटले. मंग ईनबाईंनी समद्या बायांतून मला पुढं बोलावलं. "मांडी घाला नीट," त्या म्हणल्या अन् त्यांच्या त्या मोठ्या आवाजात आम्रपालीला म्हणल्या, "दे आजीकडं."

आम्रपाली माझ्याजवळ बसली अन् तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. अंग भरलतं त्याचं. कपाळ साफ होतं. ते माझ्या तोंडाकडं बघत होतं, नाकावरच्या वळाकडं. मी आदल्या रात्री आठ तास झोपले होते. डोळे लख्ख उघडे होते.

बाजूची एक बाई हसून म्हणली, "आगं आम्रपाले, हात काढ की. आजी हाय, पाडती का काय?"

"असू दे," आम्रपाली म्हणली.

तिनं लेकराच्या पाठीखालचा हात काढला न्हाई. मी बी काढ म्हणलं न्हाई.