चार दिवसांचा लाल भात

तबकातला भात वरून सुकला होता आणि कडेने बोटाच्या पेराएवढा पांढरट पट्टा उमटला होता. वर दिसणारे चवळीचे दाणे बावीस. चार दिवसांपूर्वी तोसेने गुहेच्या तोंडाशी तबक ठेवलं, तेव्हाही बावीसच होते.

लांडगीण व्याली की तिच्या गुहेशी लाल भात न्यायचा, हा तोसेच्या सासरचा मान. ती जागा सासूने फक्त सुनेला सांगायची, हा नेम. लांडगे होते म्हणून रानडुकरं राळ्याच्या शेतात शिरत नसत. भात दरवर्षी एका रात्रीत फस्त व्हायचा.

आत पिल्लं कुंईकुंई करत होती. तोसे ओढ्यापाशी उतरली. पंजाचे ठसे पाण्याच्या वीतभर अलीकडे येऊन माघारी फिरले होते. एकदा नव्हे, तीनदा.

लांडगा चावलेला, कोळशाच्या भट्टीवरचा गेन्झो परवाच पाण्याचा पेला बघून किंचाळत मेला होता.

घरी धाकटा दीर किहेई उंबऱ्यावर बसला होता, मांडीवर लांडगिणीसाठी आणलेली विषाची पुडी.

"आलात वहिनी? कशी आहे तुमची माहेरवाशीण?"

"चहा ठेवते."

"चार दिवस चहाच पाजताय. पोटात नुसतं खळखळतंय माझ्या. जागा सांगा."

"गेन्झोला चावला तो दुसरा असेल."

"असेल. मग ही धडधाकट आहे असं सांगा. तुमच्या शब्दावर तिला शोधायला जमलेलं गाव घरी जाईल."

तोसे चुलीपाशी बसली, उठली, किटली उचलून पुन्हा तिथेच ठेवली. सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात हात धरून जागा सांगितली होती. त्या हाताची पकड अजून मनगटावर होती.

मीने, तिची लेक, गवती पायताणाच्या दोऱ्या आवळत बाहेर आली. "आई, मी भट्टीवर जाते. कोळसा भरायचाय."

"धबधब्याच्या वाटेनं?"

"दुसरी वाट आहे का?"

किहेईने पुतणीकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

तोसे दोरीच्या गाठीकडे बघत राहिली.

"पायताण काढ, मीने," ती म्हणाली. मग दिराकडे वळली. "तिनं भात खाल्लेला नाही, भाऊजी. पाणीही टाळतेय. धबधब्याच्या वर, दुभंगलेल्या खडकाखाली. चला, पुढे मी चालते."