दोन ठोक्यांच्या मध्ये

"बावन्न!"

नात आईच्या खोलीतून चोरपावलांनी बाहेर आली आणि तळहातावर पेनने लिहिलेला आकडा तिने आजोबांच्या नाकासमोर धरला. शाळेने आठवडाभरासाठी दिलेलं आवाज मोजायचं यंत्र तिच्या गळ्यात लटकत होतं.

"बावन्न डेसिबल म्हणजे उशाशी कोणीतरी गप्पा मारत बसल्यासारखं," आजोबा म्हणाले. "तुझी आई झोपणार कशी?"

"तेच तर ती म्हणते. तुम्ही ऐकत नाही!"

आई, म्हणजे आजोबांची सून, नर्स होती. तिला कायमची रात्रपाळी लागली होती. आजोबांचा मुलगा दूरगावी नोकरीला. दुपारी सून झोपायची तेव्हाच भिंतीपलीकडे सासऱ्यांचा रेडिओ चालू असायचा. काल तिने शांतपणे सांगितलं होतं, "बाबा, चार महिने झाले, मला धड झोप नाही. परवा मी चुकीच्या माणसाला इंजेक्शन देता देता थांबले. रेडिओ बंद होत नसेल, तर हिला घेऊन मी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला जाते."

आज दुपारी ती झोपताच आजोबा नातीबरोबर कामाला लागले होते.

"हं, इन्स्पेक्टरसाहेब, आधी काय करायचं?"

"तुम्हीच सांगा, तुम्हाला सगळं येतं."

"रेडिओचं हे स्टूल भिंतीला टेकलंय. हात लाव. भिंत थरथरतेय की नाही? म्हणजे आपण आवाज थेट आईच्या उशीत पाठवतोय."

स्टूल समोरच्या कोपऱ्यात गेलं. खाली जुन्या चपलेचे रबरी तुकडे आले. नात हळूच जाऊन मोजून आली. चव्वेचाळीस. मग दोघांनी कपड्यांचं कपाट आवाज न करता सरकवून त्या भिंतीला लावलं आणि दाराखालच्या फटीत चादरीची गुंडाळी कोंबली. एकोणचाळीस.

"आता बंद करून बघू?" नातीने विचारलं.

आजोबांचा हात बटणापाशी क्षणभर थांबला. मग त्यांनी ते फिरवलं.

"एकतीस! आजोबा, एवढं सोपं होतं! मग बंदच ठेवा ना."

आजोबा खाटेवर बसले. "बंद केला की माझ्या कानात शिट्टी वाजते, बेटा. एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रेसखात्यात काढली ना, तिथली."

"आत्ता वाजतेय?"

"वाजतेय."

तिने यंत्र त्यांच्या कानाला लावलं. बराच वेळ वाट पाहिली. "एकतीसच आहे. काहीच नाही तुमच्या कानात."

"यंत्राला ऐकू येत नाही ती."

"नुसती शिट्टीच?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "शिट्टीच्या मागे लंबू असतो," ते म्हणाले. लंबू त्यांचा जोडीदार. पत्रा कापायच्या मोठ्या प्रेसवर दोघं असायचे. एकदा लंबूचा हात आत अडकला. तो 'थांबव' म्हणून ओरडला. बंद करायचं लाल बटण आजोबांपाशी होतं, बारा पावलांवर. आजोबांची पाठ त्याच्याकडे होती.

"मग?"

"मग काय. हात गेला त्याचा. मला ऐकू आलं नाही. सगळ्यांना तेच सांगितलं."

नात थोडा वेळ यंत्राशी चाळा करत राहिली. "प्रेसचा आवाज किती होता?"

"अठ्ठ्याण्णव. सरकारी इन्स्पेक्टर मोजून गेला होता."

"आणि लंबूकाकांचा?"

तो कोणीच मोजला नव्हता.

आईला जाग येऊ नये म्हणून दोघं गच्चीवर गेले. नातीने मोठमोठी बारा पावलं मोजली, "आजोबांची पावलं धरायची, माझी नको," असं स्वतःलाच बजावत पुन्हा मोजली आणि यंत्र समोर धरून उभी राहिली.

"ओरडा, आजोबा! अगदी तसंच!"

आजोबांनी श्वास भरून घेतला. मग छातीच्या तळातून आवाज आला, "थांबव!" कठड्यावरची कबुतरं एकदम उडाली.

नातीने दचकून आकडा पाहिला. "अठ्ठ्याहत्तर! म्हणजे वीसने कमी."

"दहाने वाढला की जोर दहापट होतो. वीसने?"

"दहाच्या दहापट... शंभर!" तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे शंभर लंबूकाका एकदम ओरडले असते, तेव्हा कुठे प्रेसशी बरोबरी झाली असती! तुम्हाला कसं ऐकू येणार? तुमची चूक नव्हतीच, आजोबा!"

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नात वही घेऊन खाली मैत्रिणीकडे पळाली. आजोबा खोलीत येऊन बसले. रेडिओ त्यांनी लावला नाही.

पाच वाजता सून उठली आणि हसतच त्यांच्या खोलीत आली. "बाबा, किती महिन्यांनी मेल्यासारखी झोपले मी! काय जादू केलीत?"

आजोबा घामाने भिजले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले. तिचं हसू थांबलं. शेजारी बसून तिने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजू लागली.

"तुझ्या पोरीने आज मला निर्दोष सोडलं," आजोबा म्हणाले. "हुशार आहे. पण तिला एक गोष्ट मी सांगितली नाही. प्रेस सलग वाजत नाही. ठोका पडतो, मग ती वर जाते, मग पुन्हा ठोका. दोन ठोक्यांच्या मध्ये थोडी जागा असते. एखादा शब्द मावेल एवढी."

तिची बोटं नाडीवरच होती.

"मला ऐकू आलं होतं, पोरी. लंबू दिवसभर थट्टा करायचा. उगीच हाका मारायचा, मी वळलो की दात काढायचा. म्हटलं, आज नाही वळायचं."

खोली अगदी शांत होती. सुनेची मोजणी चुकली. तिने मनगट सोडलं नाही. पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.