बिनक्लचची वरात

मित्रांनो, घोडेगावात काकासाहेबांच्या गोठ्याशेजारी पोपडे उडालेली एक हिरवी जीप उभी असते, ती मी. माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाचे पट्टेच पट्टे आहेत आणि आरशाला सुकलेला हार आहे. बघणाऱ्याला वाटतं, केवढा हिचा मान! तुम्ही मात्र हारावर जाऊ नका. माझी खरी दशा ऐका.

माझं तरुणपण लष्करात गेलं. भिंगारच्या छावणीत मला रोज आंघोळ असे. ऑइल वेळेवर, ग्रीस वेळेवर. सगळं जग असंच असतं, असा माझा भाबडा समज होता. पुढे लिलाव झाला आणि काकासाहेबांनी मला गावी आणलं. पहिल्याच आठवड्यात माझ्यातून कडबा गेला, पेंड गेली आणि एक रेडकूही गेलं. आंघोळ उरली ती पोळ्याची, तीही बैलांचं पाणी शिल्लक राहिलं तर.

तरी मी मुकाट्याने राबले. मग माझा सेल्फ, म्हणजे बटणाने सुरू करणारा स्टार्टर, गेला. तेव्हापासून मला उतारावर उभी करतात आणि ढकलून सुरू करतात. ढकलणारे मलाच शिव्या देतात, जसं काही मी हौसेने ढकलून घेते.

एकाहत्तर सालच्या वैशाखात काकासाहेबांच्या मुलाचं, कानिफनाथचं, लग्न निघालं. आदल्या दिवशी काकासाहेबांनी माझ्या टायरला लाथ मारली आणि ड्रायव्हर मच्छिंद्रला बजावलं, "सोयऱ्यांच्या देखत बंद पडली, तर माघारी आनायची न्हाई. तिथनंच भंगारात. अन् तूबी दुसरी चाकरी बघ."

रात्रभर मला झोप नाही. भंगार म्हणजे काय, ते मी नागापूरच्या रस्त्यावर पाहिलं होतं: माझ्यासारख्याच गाड्या, पण तुकड्या-तुकड्यांनी.

सकाळी सगळं वऱ्हाड ट्रॅक्टरने पुढे गेलं. माझ्यात चौघंच होती. पुढे मच्छिंद्र आणि काकासाहेब, मागे बाशिंग बांधलेला कानिफनाथ आणि त्याची आत्या गोजरबाई. गावाबाहेर पडतो तोच बाजाराला निघालेल्या म्हशींनी रस्ता अडवला. वेग कमी करायला मच्छिंद्रने क्लच दाबला. खाडकन आवाज झाला. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही.

मित्रांनो, इंजिन आणि चाकं एकमेकांचा हात घट्ट धरून चालतात. गिअर बदलताना तो हात क्षणभर सोडवावा लागतो. सोडवणारा तो क्लच. माझ्या क्लचचा रॉडच तुटला होता.

"मंग थांबव की," काकासाहेब म्हणाले.

"थांबलो तर बंद पडंल, मालक. मंग ढकलायला कोन हाय? नवरदेव?"

कानिफनाथ बाशिंग सावरत म्हशींकडे बघू लागला.

"तू तर चहाच्या हाटेलात सांगत असतोस, मला क्लच लागतच न्हाई म्हनून," काकासाहेब मच्छिंद्रवर उखडले.

मच्छिंद्र खरंच तसं सांगत असे. सगळे घाट त्याने म्हणे क्लचविना उतरले होते. आता तो माझ्या स्टिअरिंगवर वाकून हळूच पुटपुटला, "बये, एकदाबी केलं न्हाई गं. इज्जत राख."

त्याने गिअरचा दांडा ओढला. माझे दात असे करकरले की म्हशी आपण होऊन बाजूला झाल्या.

"आवं, ह्यात काय जवारी दळताय का?" गोजरबाईंनी विचारलं.

मच्छिंद्रने मग आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं आणि माझ्याकडे कान दिला. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गिअर हलकेच न्यूट्रलला काढला. माझा आवाज उतरत उतरत चाकांच्या वेगाला जुळला, तसा त्याने दोन बोटांनी दांडा पुढे सरकवला. गिअर अलगद पडला. खरं सांगते, छावणी सोडल्यापासून इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. मला रडूच आलं, पण रेडिएटरमध्ये पाणी बेताचंच होतं.

सोयऱ्यांच्या गावाशी मात्र नवीनच पंचाईत. वेशीबाहेर मारुतीचा पार, आणि तिथून मांडवापर्यंत चढ. नवरदेवाने मारुतीला नमस्कार केल्याशिवाय मांडवात जायचं नाही, ही रीत. थांबले असते तर त्या चढावर मला कुणी ढकलूच शकलं नसतं. आणि समोर वाजंत्री रस्ता अडवून उभे.

"वळव," काकासाहेब घाम पुसत म्हणाले. "पाराला फेरी मार. कान्या, बसल्या जागी पाया पड."

मी फेरी मारली. वाजंत्र्यांना वाटलं, नवरदेव रंगात आलाय. ते आणखी जोरात वाजवू लागले आणि जागचे हलेनात. दुसरी फेरी. तिसरी. काकासाहेब हातवारे करून त्यांना बाजूला सारत होते, तर लोकांना वाटलं व्याही नाचतायत. गोजरबाईंनी नारळ पारावर भिरकावला, तो नेमका फुटला. पाचव्या फेरीला रस्ता मोकळा झाला आणि मी चढ चढून मांडवाच्या दारात गेले. मच्छिंद्रने स्विच बंद केला. मी दमून गप्प झाले.

मुलीचे वडील हात जोडून पुढे आले. "पाव्हनं, लई देवभोळं घरानं तुमचं. गाडीतनं पाच प्रदक्षिना? आमी पयल्यांदाच बघितल्या."

काकासाहेबांनी मिशीला पीळ दिला. "आमच्यात हीच रीत हाय," ते म्हणाले.

झालं. माझं भंगार टळलं. येताना उतार होता, नवरी सुखरूप घरी आली. आणि तेव्हापासून पंचक्रोशीतल्या प्रत्येक नवरदेवाला पाराभोवती फिरायला मीच लागते. प्रत्येक जण माझ्यापुढे नारळ फोडतो, पट्टा ओढतो, हार घालतो. क्लच मात्र अजून तुटलेलाच आहे. मच्छिंद्रने नवीन रॉडचं नाव काढलं, तर काकासाहेब म्हणाले, "खबरदार. थांबत न्हाई म्हनून तर तिला मान हाय."

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल. दसऱ्याला त्याच्या पाया पडा, पण आधी दोन थेंब तेल पाजा. आणि तुमच्यापैकी कुणी नगरला जाणार असेल, तर येताना माझ्यासाठी एक रॉड आणा आणि गुपचूप मच्छिंद्रच्या हाती द्या. तो बसवील. काकासाहेबांना कळू देणार नाही, मी पाराला फेऱ्या मारीतच राहीन. फक्त एकदा, एखाद्या मारुतीसमोर, मला स्वतःला थांबून नमस्कार करायचा आहे.