ड्यूकची टाच

माझा धाकटा भाऊ व्हर्लिन आयुष्यभर आइस हॉकीचा पंच होता. त्यानं एकदा शिट्टी फुंकली की ती काळ्या दगडावरची रेघ, आणि हाच नियम तो घरीही लावतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेळ्यातून त्यानं रंग बदलणाऱ्या सरड्याचं पिल्लू आणलं, डोक्यावरचा तुरा बघितला, "नर आहे," म्हणाला आणि नाव ठेवलं ड्यूक. विषय संपला.

त्याची बायको डेलोरिस गेल्यापासून तो डुलूथला माझ्याकडेच राहतो. पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून दिवसभर बसतो, जेवणाची ताटलीही तिथेच मांडीवर. मला हे अजिबात आवडत नव्हतं. पण त्या सरड्यावर पाणी फवारायचं म्हणून तो सकाळी उठत होता, दाढी करत होता. त्याआधी कित्येक आठवडे त्यानं दाढीही केली नव्हती. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड आहे.

जानेवारीत ड्यूक एकदम खुलला. गडद हिरव्या अंगावर पिवळे आणि निळे ठिपके उमटले.

"बघ आर्लिस, वयात आला गडी!" व्हर्लिननं चर्चमधल्या अर्ध्या लोकांना फोन करून सांगितलं.

मग गडी खाईना. खायला सोडलेले रातकिडे त्याच्या नाकासमोरून फिरायचे, तो बघायचाही नाही. फांदी सोडून खाली उतरायचा, झाडाच्या कुंडीतली माती पुढच्या पायांनी खरवडायचा, थकायचा, परत खरवडायचा. डोळे खोल गेले. व्हर्लिननं खुर्ची आणखी पुढे ओढली. अशा प्राण्यांचा डॉक्टर मिनियापोलिसला, आणि बर्फानं हायवे बंद. शेवटी मी पलीकडच्या गल्लीतल्या बाओ वांगला बोलावलं. ती चार सरडे पाळते.

बाओनं दारात बूट काढले आणि पिंजऱ्यात हात घातला. ड्यूक फुसफुसला. तिनं त्याला सरळ हातावर घेतलं आणि मागचा पाय बघितला.

"व्हर्लिन, ही टाच कधी बघितलीत?"

"तुरा बघितला ना! एवढा मोठा तुरा आहे."

"तुरा मादीलाही असतो, थोडा लहान. नराच्या टाचेवर बारीक टोक असतं, कोंबड्याच्या पायाला असतं तसं. अगदी जन्मापासून. हिची टाच सपाट आहे. आणि हे ठिपके पोटात अंडी असल्याचे आहेत."

"नराशिवाय अंडी? काहीतरीच काय!"

"आपल्या आईच्या कोंबड्या काय कोंबड्याची परवानगी घेत होत्या?" मी म्हणाले. बाओ हसली. व्हर्लिन हसला नाही.

"मी बघितलंय. नर आहे."

"बरं," बाओ म्हणाली, "मग नर म्हणूनच मरू दे. खणायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात. हिच्याकडे फार वेळ नाही."

माझा तोल गेला. "व्हर्लिन, तू मैदानावर नाहीयेस! इथे कुणी तुझी शिट्टी ऐकत नाही. टाच बघ!"

त्यानं चष्मा लावला, वाकला, एक पाय बघितला, मग दुसरा.

"टोक नाहीये," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "मी म्हातारा मूर्ख आहे. ती माती खरवडून मला सांगत होती आणि मी लोकांना फोन करत होतो."

बाओनं बादलीभर ओली वाळू पिंजऱ्यात ठेवली आणि सगळ्यावर चादर टाकली. "आता इथे बसू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडून देते."

"मी गप्प बसेन. हलणारसुद्धा नाही."

"व्हर्लिन, तुम्ही नसणंच तिला हवंय."

"आणि एकटी असताना तिला काही झालं तर?"

मी त्याच्या हाताला धरून त्याला खोलीबाहेर आणलं. बाओ जिन्यात बसून राहिली. तासाभरात व्हर्लिन दोनदा मांजराच्या पावलांनी चादरीपाशी गेला. तेव्हा मी त्याला कोट चढवला, बाहेर पिकअप ट्रकमध्ये नेऊन बसवलं आणि हीटर लावला. तो दाराच्या मुठीवर हात ठेवूनच बसला. दुपार अशीच गेली. मी थर्मासातली कॉफी ओतली, पण त्यानं कप घेतला नाही.

"डेलोरिसच्या वेळी हॉस्पिटलात मी कॉफी आणायला गेलो होतो," तो म्हणाला. "इतके दिवस तिच्या उशाची खुर्ची सोडली नव्हती. पाच मिनिटांसाठी खाली गेलो, आणि तेवढ्यात."

हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, तो तिथे होता.

"नर्स म्हणाली, जीव सोडताना काही माणसं घरचं माणूस खोलीबाहेर जाण्याची वाट बघतात. मला वाटलं, समजूत काढायला बोलतेय."

समजूत काढणं मला जमत नाही. पण डेलोरिसला मी चाळीस वर्षं ओळखत होते.

"ती तुझ्यासमोर कधी रडली?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. बाथरूममध्ये नळ सोडून..."

मुठीवरचा हात निसटला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवलं.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. बाओ पायमोज्यांवरच पायरीवर आली आणि ओरडली, "झालं! घातली अंडी! पाणी पितेय, या लवकर!"

मी तिला हातानंच आत जा म्हणून खुणावलं, आणि त्याचं रडून होईपर्यंत शेजाऱ्याच्या अंगणातला बर्फ बघत बसले.