लख्ख पाण्यातली उपाशी कोळंबी

मित्रांनो, कोळंबी म्हटल्यावर तुमच्या तोंडाला पाणी सुटले असेल, तर आधी ते गिळा. मी ताटातली नव्हे. काचेच्या टाकीत राहणारी, गोड्या पाण्यातली मी एक जुनी कोळंबी आहे.

माझ्या पुढच्या पायांना नांग्या नाहीत, केसाळ पंखे आहेत. वाहत्या पाण्यात उभी राहून मी ते उघडते आणि त्यांत अडकलेले बारीक कण तोंडात पुसून घेते. तेच माझे जेवण. ओढ्यात ते आयते मिळे. तिथून मला जाळ्याने उचलले आणि "ही टाकी साफ ठेवते" असे ठोकून देऊन दुकानदाराने मला चष्मेवाल्या बाबांच्या गळ्यात मारले.

बाबांना भिंगावरचा डाग खपत नाही, तिथे पाण्यातला काय खपणार! ते रोज गाळणीचा स्पंज पिळून काढत. पाणी लख्ख आणि मी उपाशी. हे कळले फक्त त्यांच्या धाकटीला. तिने कुठेतरी वाचले आणि शाळेतून आल्यावर ती रोज खाद्याची भुकटी कालवून ड्रॉपरने माझ्यासमोर सोडू लागली. "खा गं, पोटभर खा. मी आहे ना!" म्हणायची. दोन वर्षे मी तिच्या भरवशावर जगले.

मग एकदा आत्या आली. "दादा, पाणी गढूळ झालंय रे तुझं," म्हणून हसली.

बाबांचा चेहरा उतरला. "यात कोणी काय टाकलं?"

"मी नाही, बाबा," धाकटी म्हणाली. "ती कोळंबीच ढवळते सगळं."

माझा कानांवर विश्वास बसेना, आणि मला तर कानही नाहीत! खोटे उघडे पडू नये म्हणून तिने त्या दिवसापासून ड्रॉपरला हात लावलेला नाही.

आता गाळणीच्या प्रवाहात काहीच येत नाही, म्हणून मी तळाची वाळू खरवडते. आमच्यातली कोणी असे करू लागली, की ती भुकेने कासावीस झाली आहे असे समजावे. आज आत्या पुन्हा आली. "बघा तरी, किती कामसू! सारखी साफसफाई." बाबा खूश झाले. धाकटीला खरे काय ते ठाऊक आहे. तिने माझ्याकडे पाहिले.

"हो ना आत्या, खूप कामाची आहे," ती म्हणाली आणि टीव्ही लावला.

मित्रांनो, बाबांवर माझा राग नाही, त्यांना माझी भूक कधी कळलीच नाही. तिला कळली होती. तुम्ही कोणाला पाळलेत आणि काही चुकले, तर सरळ कबूल करा, बोलणी खा. बोलणी खाऊन कोणी मरत नाही. मी मात्र फार तर आठवडाभर तग धरीन.